साडेअकरा फुटांची फळी

हेलानी काहेलेला तिची पाण्यात वल्हवायची फळी दिसली ती शुक्रवारी सकाळी, बाजारातून परत येताना, आणि ती भलत्याच माणसाच्या हातात होती. हातात तरी कसली, तो ती फरफटत नेत होता. फळीच्या शेपटाला, मागच्या टोकाला बांधलेली दोरी त्याने मनगटाला गुंडाळली होती, दुसऱ्या हातात फोन होता, आणि मागून साडेअकरा फुटांची पिवळी फळी खाडीकाठच्या काळ्या, धारदार खडकांवरून खरडत येत होती.

हेलानीने रस्त्याच्या मधोमध ब्रेक दाबला. हवाई बेटावरच्या हिलो गावात सहसा कुणी हॉर्न वाजवत नाही; मागच्याने वाजवला. तिने गाडी कडेला वडाखाली घेतली आणि उतरली.

आधी तिला वाटलं, दुसरी असेल. पिवळ्या फळ्या काय कमी असतात? पण या फळीच्या नाकापाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, पंज्याएवढं राखाडी ठिगळ होतं, आणि ते तिने स्वतः राळ कालवून, घासून, तीन दिवस उन्हात बसून लावलेलं होतं. ठिगळाला लागून आता कुणीतरी काळ्या रंगात मोठा सातचा आकडा काढला होता.

खरं तर ही फळी तिच्या धाकट्या भावाच्या, क्लाइडच्या गॅरेजमध्ये असायला हवी होती.

सत्तावीस वर्षं हेलानीने शाळेची बस चालवली. शेवटचं पोर उतरलं की बस आगारात लावायची आणि घरी न जाता सरळ खाडीवर यायचं, हा तिचा नेम. फळीवर उभं राहायचं, वल्हं घ्यायचं आणि खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचं. नवरा गेला, मुलगी होनोलुलूला राहायला गेली, तरी त्यात खंड पडला नाही. मग तीन वर्षांपूर्वी ओल्या पायरीवरून ती बसमधून खाली आली ती उजव्या खांद्यावरच. एक शस्त्रक्रिया झाली, ती बिघडली म्हणून दुसरी झाली. आता तो हात पुढे जातो, खाली जातो, खांद्याच्या वर मात्र जात नाही. डाव्या हाताची बोटं संधिवाताने आधीच जाड झालेली. गुडघ्यांवर बसून वल्हं मारता यायचं, तेवढं तिला पुरेसं होतं. अडायचं ते एकाच जागी, फळी गाडीच्या टपावर चढवताना.

फळी जुन्या घडणीची, वीस किलोच्या आतबाहेर. हल्ली निम्म्या वजनाच्या मिळतात, हवा भरायच्याही मिळतात, हे तिला सांगणारा कुणी ना कुणी आठवड्यातून एकदा भेटायचाच. तिला ही हवी होती. म्हणून दोन वर्षं दर शनिवारी क्लाइड यायचा, एका दमात फळी टपावर टाकायचा, परत आल्यावर उतरवायचा. बंदरावर काम करणारा गडी, त्याला त्यात काय, असं ती समजून चालली होती.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती सहा आठवडे मुलीकडे राहून आली, तेव्हा घराखालच्या मोकळ्या जागेत फळी नव्हती. क्लाइड म्हणाला, माझ्याकडे नीट ठेवलीय, हात बरा होऊ दे. तिने त्याचे आभार मानले होते. ते आभार आता आठवले आणि तिचे कान तापले.

ती खडकांवर गेली आणि त्या पर्यटकाच्या मनगटावरून दोरी सोडवून घेतली. तो बावळटासारखा बघत राहिला. आपण ही दुपारपर्यंत भाड्याने घेतलीय असं त्याने सांगितलं. तिने त्याला मेल्विनच्या टपरीकडे बोट दाखवलं, आणि फळी उचलून न्यायची असते, ओढायची नसते, एवढं ऐकवलं.

मेल्विन टपरीतून स्वतःच आला. फळ्या, वल्ही, पोहण्याचे चष्मे भाड्याने देणारा हा पस्तिशीतला बाप्या लहानपणी हेलानीच्या बसमधून शाळेत जायचा, तिसऱ्या बाकावर बसून ओकायचा. त्याने टोपी काढली. क्लाइडअंकल दोन महिन्यांपूर्वी ट्रकमधून फळी घेऊन आले, असं तो म्हणाला. आंटी आता पाण्यात जाणार नाही, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे असं तिनेच सांगितलंय, असं ते बोलले.

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"तुमचा भाऊ आहे तो, आंटी."

"म्हणजे माझ्या तोंडाने तो बोलणार?"

मेल्विन टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, मी आत्ता ट्रकमध्ये टाकून घरी पोचवतो, तुम्ही पुढे व्हा.

"मेल्विन, या फळीला तुझा हात लागला ना, तर मी तुझ्या आईला फोन करीन."

तो मागे सरला. आईला तो अजून भीत होता.

आता फळी हेलानीकडे होती आणि गाडी साठ पावलांवर. फळीच्या मधोमध धरायला खाच असते, तिच्यात डावा हात घालून तिने फळी काखेत उचलली. वीस पावलांवर बोटं उघडली. टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. गाडीपाशी पोचेपर्यंत तिच्या पोलक्याची पाठ भिजली होती. जुनी लांबोडकी गाडी, टपावर दोन आडवे दांडे. दांडे तिच्या नजरेच्या उंचीला होते. एवढंच तर, असं कुणालाही वाटलं असतं.

बाजूने चढवून बघू म्हणून तिने फळीची एक कड पोटाशी घेतली, गुडघ्याने रेटा दिला. फळी छातीपर्यंत आली. तिथून पुढे उजवा हात जायचाच नव्हता. खांद्यात कुणीतरी स्क्रू पिळावा तशी कळ आली आणि तिने फळी खाली सोडली, पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर.

दुसऱ्या खेपेला तिने नाक उचलून टपाच्या कडेला टेकवलं. टेकलंही. ती शेपटाकडे वळली तेवढ्यात समुद्रावरून वारा आला. अशा वाऱ्याला उभी फळी म्हणजे शीडच. नाक टपावरून घसरत गेलं, दारावर लांब ओरखडा काढला आणि बाजूचा आरसा मुळासकट उडवून खाली आपटलं. आरसा वायरीला लटकत राहिला.

हेलानीने त्या वेळी जे शब्द उच्चारले ते तिने बसमध्ये कुणा पोराच्या तोंडून ऐकले असते तर त्याला पुढच्या थांब्यावर उतरवलं असतं. चिडायला आता बरंच काही जमलं होतं. क्लाइड होता, मेल्विन होता, पहिल्या शस्त्रक्रियेत खांदा बिघडवून वर हसतमुखाने व्यायामाचा कागद देणारा डॉक्टर होता. आणि सगळ्यांच्या वर तिचा स्वतःचा हात होता. पन्नास पोरांची बस डोंगराच्या वळणावर पावसात धरून ठेवणारा हात, आणि आता त्याला एक फळी झेपत नव्हती. तिने त्या हाताच्या दंडावर डाव्या हाताची मूठ मारली. मारून काही झालं नाही, फक्त दुखलं.

भोवती माणसं जमली नव्हती, पण बघत सगळी होती. हॉटेलकडून चालत आलेलं एक जोडपं थांबलं. बाई नवऱ्याला म्हणाली, जा ना, मदत कर. नवरा दोन पावलं आला. हेलानीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो परत गेला.

खाडीच्या कठड्यावर शिरोमाआजी बांबूची काठी पाण्यात सोडून बसली होती. ऐंशीच्या पुढची, रोज तिथे बसून मासे धरणारी. तिने मान न वळवता विचारलं, "काही हवंय का गं?"

"नको, आंटी."

"बरं." आजीने गळाला नवं कोळंबीचं आमिष लावलं.

सकाळपासून तिला हे विचारणारं आणि उत्तर ऐकून घेणारं हे पहिलं माणूस होतं. हेलानी गाडीच्या मागे खाली बसली. पाठ बंपरला टेकली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि फळीकडे बघत राहिली. रागाने डोकं भणभणत होतं, पण बसचं चाक रस्त्यात बसलं की ती नेहमी अशीच आधी खाली बसायची. बसचं चाकही कुणी उचलत नाही. त्याला कशावर तरी टेकवतात, आणि मग कलवतात.

फळीचं वजन वीस किलो. पण एक टोक जमिनीवर असेल तर तिच्या वाट्याला दहाच. आणि नाक टपावर न्यायचं तर हात नाकाला लावायचा कशाला? नाकापासून हातभर मागे, मधल्या अंगाला धरलं तर नाक टपाच्या उंचीला पोचेल तेव्हा हात छातीशीच असतील. आजवर बाजूने चढवायचं कारण एवढंच, की क्लाइड तसं चढवायचा. क्लाइड सहा फूट उंच.

ती उठली. पायाखालचं रबरी पायपुसणं गाडीतून काढलं आणि मागच्या काचेवरून दांड्यापर्यंत अंथरलं. दुसरं जमिनीवर टाकलं, त्यावर फळीचं शेपूट ठेवलं, फळी उलटी, तळाचा माशासारखा पर वरच्या बाजूला, नाक गाडीकडे. वाऱ्याकडे पाठ करून ती वाकली, फळीखाली दोन्ही हात घातले आणि पाय पुढे टाकत उठली. फळी शिडीसारखी वर आली. नाक काचेवर आदळलं, पायपुसण्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

हेलानी काही क्षण हलली नाही. मग शेपटाकडे गेली, उकिडवी बसली, शेपूट मांड्यांवर घेतलं आणि पायांच्या जोरावर उठली. आता पोटाने रेटायचं. रबरावर फळी हातभर सरकली, आणखी हातभर सरकली. नाक मागच्या दांड्यावरून पुढे निघालं. पोट, मांड्या, पाय, सगळं तिच्याकडे होतं. हात फक्त दिशा द्यायला.

आणि तेवढ्यात फळी एकदम हलकी झाली.

मागून एक तरुण आला होता. पिळदार दंडांचा, उन्हाने लाल झालेला. त्याने हसत तिच्या कानाजवळून हात घालून शेपूट उचललं आणि जोरात पुढे ढकललं. हेलानीचा सगळा भार फळीवर होता, तो आधारच गेला. ती पुढे कोलमडली. फळी दांड्यावरून तिरकी झाली, आणि तिची डाव्या हाताची दोन बोटं फळी आणि दांड्याच्या मध्ये चेपली.

तिने दुसऱ्या हाताने फळी उचलून बोटं बाहेर काढली. फळी घसरत खाली आली, जिथून निघाली होती तिथे.

"मी फक्त मदत करत होतो," तो म्हणाला.

"मला विचारलंस?"

"तुम्हाला जमत नव्हतं ना."

"मला जमत होतं." तिचा आवाज अगदी खाली उतरला होता, तिच्या बसमध्ये वाढलेली पोरं हा आवाज ओळखायची आणि गप्प व्हायची. "जमत होतं. अर्ध्यावर आलं होतं. तुला ते दिसलं नाही, कारण तू फळीकडे बघतच नव्हतास. तू एक म्हातारी बघितलीस आणि तुला बरं वाटून घ्यायचं होतं. आता ही बोटं बघ."

बोटं निळी पडायला लागली होती. तरुणाचा चेहरा उतरला. त्याने माफी मागितली, बर्फ आणू का म्हणाला. ती म्हणाली, तू इथून जा, तेवढं पुरे. तो गेला. जाताना दोनदा वळून बघितलं. आपण फार बोललो का, असं एकदा तिच्या मनात आलं, आणि नाही, असं तिनेच उत्तर दिलं.

शिरोमाआजीने काठी बाजूला ठेवली, आपल्या डब्यातून माशांवरचा बर्फ मूठभर काढला, रुमालात बांधून हेलानीला दिला आणि परत जाऊन बसली. हेलानीने दहा मिनिटं बोटं बर्फात धरली. माशांचा वास येत होता.

मग तिने सगळं पुन्हा केलं. रबर, शेपूट, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, नाक दांड्यावर. मागे जाऊन शेपूट मांडीवर. पोटाने रेटा. या खेपेला मध्ये कुणी आलं नाही. निम्म्याहून जास्त फळी पुढे गेली तेव्हा ती आपोआप कलली आणि नाक पुढच्या दांड्यावर हलकेच बसलं. शेवटचं हातभर अंतर उरलं होतं आणि ते खांद्याच्या वरचं होतं. तिने बाजारातली आइसबॉक्स मासळीसकट खाली काढली, तिच्यावर चढली आणि छातीने ढकललं.

बांधायचे पट्टे अजून गाडीतच होते. ते तिने डाव्या हाताने पलीकडे फेकले. पहिला पट्टा चौथ्या फेकीत गेला, दुसरा सातव्या. दुखऱ्या बोटांनी आवळायला वेळ लागला. मेल्विन टपरीच्या दारात उभा राहून बघत होता, पण तिथून पुढे पाऊल टाकलं नाही त्याने. एक तास दहा मिनिटं लागली होती. आनंद वगैरे काही झाला नाही तिला. राग तिथेच होता. फक्त आता तो कुठे न्यायचा हे तिला ठाऊक होतं.

क्लाइडचं घर केआउकाहा भागात, तिच्या घरापासून तीन गल्ल्या. अंगणात मोठा मांडव उभा राहत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या नातीचा पहिला वाढदिवस होता, दीडशे माणसांचं जेवण. बायका पानांत डुकराचं मांस बांधत होत्या, पुरुष भट्टीचा खड्डा साफ करत होते. क्लाइड खुर्च्या उतरवत होता. गाडीचा आवाज ऐकून त्याने वर बघितलं, टपाकडे बघितलं आणि हातातली खुर्ची खाली ठेवली.

तो एकटाच गाडीपाशी आला. म्हणाला, मी सांगणारच होतो.

"कधी? मी मेल्यावर?"

तो समजावणीच्या सुरात बोलायला लागला. डॉक्टर काय म्हणाले होते, खाडीतही प्रवाह असतो, एकटी असताना हात गळला तर कोण बघणार, मुलगीही तिकडे काळजी करते. सगळं तुझ्या भल्यासाठी. हेलानीने त्याला पूर्ण बोलू दिलं. मांडवातले आवाज हळूहळू कमी झाले होते.

"माझ्या भल्यासाठी, तर मला का नाही विचारलंस?"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. म्हणून चोरी केलीस?"

तो शब्द त्याला लागला. त्याने मांडवाकडे एक नजर टाकली आणि आवाज दाबून, दात आवळून बोलला. "दोन वर्षं, हेला. दर शनिवारी. पाच दिवस बंदरावर वजनं उचलायची आणि सहाव्या दिवशी तुझी फळी. चढव, उतरव. मला पण कंबर आहे. गेल्या वर्षी महिनाभर पट्टा बांधून कामावर जात होतो मी. तू एकदा तरी विचारलंस?"

हेलानीने विचारलं नव्हतं. कमरेचा पट्टा तिला दिसलाही असेल. तिने फळीकडेच बघितलं असणार. राग यामुळे कमी झाला नाही. थोडा तिच्या स्वतःकडे वळला, एवढंच.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "ते माझं चुकलं. पण तुला दोन शब्द बोलायचे होते. दमलो मी. एवढेच. ते तुझ्या तोंडून निघाले नाहीत. त्यापेक्षा तुला माझा समुद्र काढून घेणं सोपं वाटलं. आणि वर माझ्याकडून आभार मानून घेतलेस, क्लाइड. मी तुझ्या दारात उभं राहून तुझे आभार मानले आणि तू ते घेतलेस."

तो टपाकडे बघत राहिला. मग सवयीने हात पुढे करून पट्टा चाचपला. "हा पिळलाय."

"मुद्दाम पिळलाय. सपाट पट्टा वाऱ्याने घोंघावतो. हात काढ."

त्याने हात काढला. "कुणी चढवून दिली?"

हेलानी गाडीत बसली. वायरीला लटकणारा आरसा दाराला खटखट आपटत होता, तसाच आपटत ती घरी गेली.

शनिवारी ती वाढदिवसाला गेली. बाळाचा त्यात काय दोष. क्लाइडपासून चार टेबलं लांब बसली, जेवली, बाळाच्या गळ्यात फुलांची माळ घातली आणि भावाशी एक शब्द न बोलता परत आली. नातेवाइकांत कुजबुज झाली, ती होऊ दिली.

रविवारी सकाळी ती खाडीवर गेली. उतरवणं सोपं होतं, फळी रबरावरून आपणच खाली येते. गुडघ्यांवर बसून ती खाडीच्या तोंडापर्यंत गेली. पाणी सपाट होतं, डोंगराच्या माथ्यावर ढग नव्हता. तिथे पोचून शांत वाटेल अशी तिची अपेक्षा होती. वाटलं नाही. दर वल्ह्यागणिक क्लाइडला सांगायचं राहिलेलं काहीतरी तिला आठवत होतं, आणि त्या भरात ती नेहमीपेक्षा लवकर परत आली.

काठावर क्लाइड उभा होता. हात खिशात. हेलानी फळी गाडीपाशी आणेपर्यंत तो मागे मागे चालत आला. तिने रबर अंथरलं, शेपूट ठेवलं आणि वाकली. नाक पहिल्या खेपेला दांड्यावरून घसरलं. त्याचे हात खिशातून बाहेर आले.

"विचारलंस?" ती म्हणाली.

हात परत खिशात गेले. तो कठड्यावर जाऊन बसला. तिने पुन्हा वाकून सुरुवात केली. तिचा श्वास, रबराची करकर, खांदा दुखला की तोंडातून निघणारा आवाज, सगळं त्याला पाच हातांवरून ऐकावं लागत होतं. फळी निम्मी चढली तेव्हा तो म्हणाला, "मला हे बघवत नाही, हेला."

"मग बघू नकोस. घरी जा. पण तिकडे जाऊन माझं परस्पर काही ठरवू नकोस."

तो गेला नाही. त्याने मान खाली घातली, पुन्हा वर केली आणि बघत राहिला. दुसरा पट्टा आवळून होईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ तो तिथे बसला, आणि बंदरावरचं कुठलंही वजन त्याला इतकं जड गेलं नसावं असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. हेलानीला ते दिसलं. तिला त्याची दया आली नाही, पण दिसलं.

एरवी रविवारी तो तिच्याकडेच जेवायचा. आज तिने बोलावलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. तिने आइसबॉक्स मागे ठेवली, दार लावलं आणि गाडी सुरू केली.